सौभद्रचा प्रयोग : गद्याचं सेटिंग पदाला चालत नाही, पदाचं गद्याला. काय करावं?

तिसरी_घंटा | सोमवार, रात्री ११.४०

मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. लांबेल, सांभाळून घ्या.

आमची कोल्हापुरातली हौशी मंडळी. कोणी बँकेत, कोणी शाळेत, एक जण दूध संघात. यंदा सौभद्र करतोय. किर्लोस्करांचं १८८२चं हे नाटक, मूळ संहितेत शंभराहून जास्त पदं. आम्ही कापत कापत एकवीसवर आलोय आणि तरी प्रयोग तीन तासांच्या खाली उतरत नाही. मी नट नाही, गायकही नाही. पहिल्या तालमीला उशिरा पोचलो आणि तोवर सगळ्या भूमिका वाटून झाल्या होत्या, म्हणून मला साउंड मिळाला.

केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळालं आणि आमच्यासारख्यांची घडी विस्कटली. हा प्रयोग शहरातल्याच दुसऱ्या एका सभागृहात आहे (नाव घेत नाही, पुन्हा तारीख मागायला जायचंय). वर पत्रा, बाजूला काचेची तावदानं. बोललेलं प्रत्येक वाक्य मागच्या भिंतीला शिवून परत येतं.

सामान : बेहरिंगर एक्स३२ मिक्सर, भाड्याचे आठ कॉर्डलेस, त्यांना गालावर चिकटवायचे कातडीच्या रंगाचे माइक, पुढे दोन टॉप (मुख्य खोके), दोन सब (खालच्या जाड आवाजाचे खोके), विंगेत एक मॉनिटर (नटांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून). पिटात पायपेटी आणि तबला, दोघांना एकेक माइक.

दुखणं असं. गद्य नीट ऐकू येईल असं लावलं की पद कोरडं ठणठणीत वाटतं आणि तान आली की पहिल्या दोन रांगा मागे सरकतात. पद छान लावलं, रिव्हर्ब (यंत्राचा घुमारा) दिला, की पुढच्या गद्याला सुभद्रा साधं 'दादा' म्हणाली तरी गाभाऱ्यातून आवाज आल्यासारखं होतं. परवा मी कंटाळून सगळ्यांना ४:१चा कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारा) घट्ट बसवला. गद्य एकसारखं झालं खरं, पण सुभद्रेच्या तानेवरून रोडरोलर गेला. बाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

प्रयोगाला तीन आठवडे आहेत. जाणकारांनी सांगावं.

---

उद्यमनगरी | मंगळवार, सकाळी ७.१५

भावा, पयलं ते सब काढून टेम्पोत टाक. संगीत नाटकाला सब म्हंजे उसाच्या ट्रॉलीला मखर. पायपेटीला न्हाई लागत, तबल्याच्या डग्ग्याला टॉप पुरतो. सब नुसता पायांचा दणदणाट उचलतोय.

दुसरं, माइक कुठं चिकटवलायस? ओठाच्या कोपऱ्यापासनं बोटभर मागं पायजे. तोंडासमोर आणलास तर 'भ'ला आन 'फ'ला धप्पाधप्पा वाजणार. लय मागं कानाकडं नेलास तर गेन, म्हंजे माइकची उचल, वाढवाय लागतोय आन मग शिट्टी.

तिसरं म्हंजे असली गोष्ट. आमच्या ऑर्केस्ट्रात गायक गाणं थांबवून 'कोल्हापूरकर, कसं हाय?' म्हणाला की आम्ही हातानं इको खाली घेतोय. पण तिथं माणूस एक, माइक एक. तुझ्याकडं आठ हायत. म्हणून एकाच माइकला दोन चॅनेल दे. एक बोलायचा, एक गायचा. बास. बाकीचं शिकलेली माणसं सांगतील.

---

डेसिबल | मंगळवार, सकाळी १०.०५

शिकलेला म्हणून नाही, पण मूळचा इचलकरंजीचा आणि पोटासाठी पुण्यात हेच करतो, म्हणून लिहितो. उद्यमनगरींनी वर्माचं सांगितलंय, मी फक्त फोड करतो.

एक्स३२वर कुठल्याही चॅनेलचा सोर्स बदलता येतो. पहिल्या कॉर्डलेसला चॅनेल १ आणि चॅनेल १७, दुसऱ्याला २ आणि १८, असं आठव्यापर्यंत न्या. ३२पैकी १६ गेले, पायपेटी-तबल्याला भरपूर उरले. १ ते ८ गद्याचे, १७ ते २४ पदाचे. एकाच गळ्याचे दोन कारकून समजा, एक हिशेबाचा, एक रसिक.

यात पहिली मेख ही, की माइक एक म्हणजे गेनही एकच. तो गद्याला बघून लावलात तर तानेला फाटणार. म्हणून तालमीत गायकाला त्याच्या सगळ्यात वरच्या तानेला नेऊन गेन लावा आणि गद्य पुढे कॉम्प्रेसरच्या आउटपुटने किंवा फेडरने (आवाज वर-खाली करायच्या सरकपट्टीने) उचला. साध्या बोलण्यात आणि तार सप्तकातल्या तानेत एकाच माणसाच्या बाबतीत १५-२० डीबीचा (डेसिबलचा) फरक सहज पडतो. गद्य एवढं मागून उचललं तर खरखर येईल ही भीती कॅसेटच्या काळातली आहे.

तुमच्या रोडरोलरबद्दल. समजा थ्रेशोल्ड, म्हणजे दाबायला सुरुवात होते ती पातळी, उणे २०वर होता आणि तान उणे ८ला पोचली. म्हणजे १२ डीबी वर. ४:१मध्ये त्या १२चे ३ होतात, ९ डीबी कापले जातात. कण आणि ठेहराव यांत जो उतार-चढाव असतो तोच नेमका त्या नऊत होता. पदाच्या चॅनेलला २:१ पुरे, अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) २०-३० मिलिसेकंद म्हणजे सुराचं तोंड मोकळं सुटतं, आणि सगळ्यात मोठ्या जागेलासुद्धा ३-४ डीबीपेक्षा जास्त कापलं जाऊ नये. गद्याला मात्र ३:१ आणि जरा चपळ अटॅक चालतो, कारण बलरामाचा संताप आणि सुभद्रेची कुजबुज दोन्ही शेवटच्या रांगेत पोचवायची असतात. एक सावधगिरी : कॉम्प्रेसरनंतर दाबलेला आवाज परत उचलायला ६ डीबी मेकअप गेन दिलात की माइक शिट्टीच्या ६ डीबी जवळ गेला. कोणी बोलत नसतानाही तो तेवढाच उघडा असतो.

ईक्यू, म्हणजे जाड-बारीक आवाजाची कमी-जास्त. गद्याला पुरुषांचा १३०-१४० हर्ट्झखालचा आणि बायकांचा १८०च्या आसपासचा गाळ काढा, ३००-४००ला थोडी कपात, २.५ ते ४ किलोहर्ट्झमध्ये किंचित उठाव. शब्द तिथे कळतात. पदाला लो-कट ९०-१००वर आणा, म्हणजे आवाजाचं अंग राहतं, आणि तो उठाव काढून टाका, कारण उंच तान तिथेच टोचते. मराठीत आणखी एक भानगड आहे. 'स', 'श' सगळ्यांकडेच असतात, आपल्याकडे 'चमचा'तला 'च' आणि 'जरा'तला 'ज'सुद्धा सळसळतो. गालावरच्या माइकला हे सगळं जास्त दिसतं. म्हणून गद्याचे आठही चॅनेल एका बसवर (मिक्सरमधल्या सामाईक वाटेवर) घ्या आणि त्या बसवर एकच डी-एसर (ही सळसळ दाबणारा) लावा. आठांना आठ लावायला गेलात तर इफेक्टचे स्लॉट संपतील.

रिव्हर्ब फक्त पदाच्या चॅनेलांना. प्लेट जातीचा, दीड सेकंदाच्या आसपास, प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची उसंत) ३०-४० मिलिसेकंद म्हणजे शब्द आधी सुटतो आणि मग मागून ओल येते. रिव्हर्बला खालून २००-२५० हर्ट्झ कापा. पण तुमच्या त्या पत्र्याच्या सभागृहात आधीच इतकं घुमतंय की कदाचित एक सेकंदही पुष्कळ होईल. कानाने ठरवा, माझ्या आकड्यांनी नको.

---

नवखा_मिरजकर | मंगळवार, सकाळी ११.३०

छान माहिती. वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका : आठ लोकांचे सोळा फेडर झाले. दहा बोटांत सोळा फेडर कसे हलवायचे?

---

डेसिबल | मंगळवार, दुपारी १२.१०

बाळबोध अजिबात नाही. सगळा खेळ तिथेच आहे.

एक्स३२वर आठ डीसीए असतात. डीसीएमधून आवाज जात नाही, तो नुसता लगाम असतो. बैल कितीही जुंपा, हातात दोरी एक. चॅनेल १ आणि १७ दोन्ही 'सुभद्रा' नावाच्या डीसीएला बांधा, २ आणि १८ 'अर्जुन'ला. डीसीए म्हणजे माणूस. आणि तो माणूस बोलतोय की गातोय हे साठवलेल्या सीनमध्ये (नाटकातला प्रवेश नव्हे, मिक्सरची एका बटणावर येणारी मांडणी) : त्यात एक चॅनेल म्यूट, दुसरा चालू. बोटं माणसांवर, सीनचं बटण गद्य-पद्यावर.

आणि ज्याचं वाक्य त्याचाच माइक उघडा. बाकी सगळे खाली. दर वेळी उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधीची ३ डीबी जागा जाते. एक उघडा आणि आठ उघडे यांत ९ डीबीचं अंतर. नांदीला आठही उघडावे लागतात, तिथे सगळ्यांना आधीच खाली धरा. पण मग हे सगळं करायला संहिता पाठ पाहिजे, निदान समोर तरी पाहिजे. पदं पाठ असणारे साउंडवाले खूप भेटतात. गद्य पाठ असणारा मी आजवर एकच पाहिलाय.

---

बाल्कनी_दीड_रुपया | मंगळवार, दुपारी ४.२०

तुमचं हे सगळं वाचून गंमत वाटली आणि थोडं वाईटही. १९२१ साली केशवराव भोसले आणि बालगंधर्व संयुक्त मानापमानात एकत्र उभे राहिले तेव्हा कुठे होता माइक? शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर (तुमचं हे जळालेलं केशवराव भोसले नाट्यगृह) बांधलं ते १९१५मध्ये, आणि आमच्या लहानपणीसुद्धा तिथे शेवटच्या बाकावर शब्द न् शब्द यायचा. फेक शिकवा मुलांना, फेक. आवाज कमावला नाही म्हणून गालाला वायर चिकटवायची वेळ आली. कुस्तीला यंत्राने डाव टाकतात का? शेजारीच खासबाग आहे, विचारून या.

---

डेसिबल | मंगळवार, सायंकाळी ६.४५

काका, फेक हवी याला माझं +१. माइक लावून पुटपुटणारा नट माझाही शत्रू. पण तेव्हा सभागृहात एसी नव्हता, डोक्यावर पंखे गरगरत नव्हते, बाहेर बुलेट नव्हत्या, आणि लोक शांत बसायची सवय घेऊन येत. शिवाय तेव्हाच्या गायकनटांची पट्टी उंच असायची हा काही योगायोग नव्हता. २ ते ४ किलोहर्ट्झला आपला कान सगळ्यात तिखट असतो आणि उंच, टोकदार आवाजाचा जोर तिकडे सरकतो. आज सुभद्रा तिच्या सोयीच्या पट्टीत गाते आणि वर पाऊस पत्र्यावर वाजतो. तिला मदत करायची की तिला केशवरावांच्या रांगेत उभं करून नापास करायचं?

---

बाल्कनी_दीड_रुपया | मंगळवार, रात्री ८.००

पावसाचं पटलं. बाकीचं नाही. प्रयोगाला मात्र येणार. मागे बसणार.

---

काळी_चार | मंगळवार, रात्री १०.५०

दोन दिवस न बोलणारी ती सुभद्रा मीच. :)

तिसरी_घंटा, तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती. मैफलीत माइक समोर स्टँडवर असतो. तान वर गेली की मी आपोआप मान मागे घेते किंवा जरा तिरकी करते. हे कोणी शिकवत नाही, गुरूंचं बघून लागतं. म्हणजे माझा फेडर माझ्या मानेत आहे. गालावरचा माइक माझ्याबरोबर मागे येतो आणि तिरका पण होतो! मी कितीही मान फिरवली तरी तो तिथेच. त्यामुळे माझा सगळा जोर तुझ्या अंगावर येतो. तेव्हा तिथे माझी मान तू व्हायचं आहेस, कॉम्प्रेसर नाही. कोणत्या जागेला मी जोर लावते हे तुला माहीत असलं तर दोन डीबी आधीच खाली घेशील.

दुसरं, मॉनिटरमध्ये मला माझा आवाज लागतो. पायपेटी ऐकू येते, स्वतःची मी ऐकू येत नाही, म्हणून मी ओढून गाते आणि दुसऱ्या अंकाला गळा बसतो. तू म्हणतोस शिट्टी वाजते. काहीतरी मार्ग काढ.

---

डेसिबल | बुधवार, सकाळी ९.३०

ताई, 'माझी मान तू व्हायचं आहेस' हे मी माझ्या पोरांना ऐकवणार.

मॉनिटरचा मार्ग दोन चॅनेलांतच दडलाय. मॉनिटरला आवाज फक्त पदाच्या चॅनेलमधून पाठवायचा, गद्याच्या चॅनेलचा सेंड शून्य. गद्य सुरू असताना, जेव्हा आवाज मागून खूप उचललेला असतो, तेव्हा मॉनिटर मुका. पदाला गळा मोठा, उचल कमी, म्हणून मॉनिटरला जागा मिळते. एका चॅनेलवर हे कधीच जमलं नसतं.

---

पायपेटी | बुधवार, रात्री ९.१५

मी या नाटकाचा साथीदार. यंत्राचं मला कळत नाही. पण तुम्ही सगळे गद्य एकीकडे आणि पद एकीकडे असं बोलताय, मध्ये एक उंबरठा आहे त्याचं कोणी नाव घेत नाही.

नट वाक्य संपवतो आणि मग गायला लागतो असं संगीत नाटकात होत नाही. शेवटच्या वाक्याच्या निम्म्यातच तो सुराकडे कलतो. मी खालून हळूच षड्ज धरतो, तो त्या षड्जावर शेवटचे दोन-तीन शब्द टेकवतो आणि तिथून पद उचलतो. चांगल्या नटाचं कुठे बोलणं संपलं आणि गाणं सुरू झालं हे दाखवता येत नाही. तुमचं बटण जर 'टक्' करून आवाज बदलणार असेल तर आम्ही चाळीस वर्षं जे झाकलं ते तुम्ही उघडं पाडणार.

तेव्हा बटण दाबायचंच तर माझ्या सुरावर दाब, नटाच्या शब्दावर नको. आणि माझ्या बोटांकडेही बघू नको. पायाकडे बघ. भात्यात हवा भरल्याशिवाय पायपेटी बोलत नाही, त्यामुळे बोट पडायच्या आधी पाय हलतो.

---

तिसरी_घंटा | बुधवार, रात्री ११.५५

काका, हे वाचून अंगावर काटा आला. पण मी प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला अंधारात बसतो. पिटात तुमचं डोकंसुद्धा दिसत नाही, पाय कुठून दिसणार?

रविवारी तांत्रिक तालीम आहे. करून बघतो आणि सांगतो.

---

तिसरी_घंटा | सोमवार, रात्री १२.३०

काल तालीम झाली. क्रमाने सांगण्याइतकी शुद्ध नाही, जसं आठवेल तसं लिहितो.

आधी पराक्रम. नारदाच्या पहिल्याच पदाला सीन साठवताना माझ्याकडून चॅनेल ३ म्यूट करायचा राहिला. ३ आणि १९ दोन्ही उघडे. एकच आवाज दोनदा म्हणजे सरळ ६ डीबी वाढ. नारदाने तोंड उघडलं आणि अशी शिट्टी वाजली की बाहेर वडापाववाला आत बघायला आला. दिग्दर्शकांनी वीणा खाली ठेवायला सांगितली आणि माझ्याकडे बघत राहिले. आता एक-एक सीन कागदावर लिहून टिक करतोय.

मुकुट. कृष्णाचा मुकुट गालावरच्या पट्टीला घासतो आणि पुठ्ठा कुरतडल्यासारखा आवाज येतो. मुकुटाला आतून कापूस लावला, माइक दुसऱ्या गालावर घेतला, बरं झालं. यतीची दाढी हे वेगळं प्रकरण. अर्जुन संन्यासी होऊन येतो तेव्हा दाढीखाली माइक गाडला जातो आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा होतो. दाढीच्या कडेला जरा केस विरळ करून तिथून माइकचं टोक बाहेर काढलं आणि यतीच्या सीनला ४ किलोहर्ट्झच्या वर ३ डीबी वाढवून ठेवले. म्हणजे अर्जुनाचे चार कारकून झाले : अर्जुन गद्य, अर्जुन पद, यती गद्य, यती पद. चॅनेल तेच, सीन वेगळे.

कृष्ण आणि रुक्मिणी जवळ उभे राहिले की दोघांचा आवाज डब्यातून येतो. हे का?

घाम. पाऊस असूनही अंगरखा आणि शेला यांत माणूस उकडतो. ट्रान्समीटरमध्ये घाम शिरू नये म्हणून काय गुंडाळायचं हे उद्यमनगरींनी मला फोनवर सांगितलं. बिनतेलकट प्रकारचे डझनभर मागितल्यावर महाद्वार रोडच्या मेडिकलवाल्याने माझ्याकडे ज्या आदराने बघितलं तो आदर मला आयुष्यात मिळाला नव्हता. 'नाटकासाठी पाहिजेत' म्हटल्यावर तर विचारूच नका.

आता उंबरठ्याचं. काका, तुमचा पाय दिसत नाही, पण सापडला! पायपेटीच्या माइकचा सोलो, म्हणजे तेवढा एकच माइक, मी कानात घेतला होता. तुम्ही सूर धरायच्या आधी उजवी पायटी बारीक 'कुर्र' करते. सभागृहात कुणाला कळत नाही, पण हेडफोनमध्ये स्पष्ट. ती कुर्र आली की मी पदाचा सीन घेतो. आणि टक् होऊ नये म्हणून सीनमध्ये रिव्हर्ब शून्यावर ठेवलाय. शब्द सुराला टेकला की रिव्हर्बचा सेंड डाव्या हाताने दोन-तीन शब्दांत वर नेतो. परत येताना उलटं : समेवर सेंड खाली, पण रिव्हर्बचा रिटर्न (घुमारा परत येतो ती वाट) बंद करत नाही. ओल आपली आपण वाळते आणि तिच्यावरच पुढचं गद्य सुरू होतं.

सुभद्राबाई काल तालमीनंतर माझ्याशी बोलल्या. 'चहा घेणार का' एवढंच, पण बोलल्या.

---

डेसिबल | सोमवार, सकाळी ८.४०

रिटर्न बंद न करणं हे बरोबर केलंत. नवे लोक हमखास तिथे चुकतात, आणि मग पद कात्रीने कापल्यासारखं संपतं.

कृष्ण-रुक्मिणी : एकाचा आवाज दोन माइकमध्ये शिरतो, स्वतःच्या गालावर आधी, दुसऱ्याच्या गालावर थोडा उशिरा. ३४ सेंटीमीटर अंतराला साधारण १ मिलिसेकंद. तेवढ्या उशिराने दोन्ही मिसळले की ५०० हर्ट्झला खड्डा, मग १५००ला, मग २५००ला. कंगव्याचे दात. हाच तो डबा. इलाज एकच : जवळ आले की बोलणाऱ्याचाच माइक, दुसऱ्याचा पूर्ण खाली. आलिंगन असेल तर उंच माणसाचा माइक ठेवून दोघांना त्यातून घ्या, चालतं.

आणखी एक, वेळ असेल तर. रंगमंचाच्या मध्यावर उभा नट टॉपच्या रेषेपासून किती मागे आहे ते मोजा. पाच मीटर असेल तर टॉपना १५ मिलिसेकंद आणि वर चार-पाच जास्त असा डिले द्या. नटाचा खरा आवाज कानाला आधी पोचतो, खोक्याचा नंतर, आणि कान पहिल्यावर विश्वास ठेवतो. आवाज मोठा होतो पण तोंडातून आल्यासारखा वाटतो. बाल्कनीवाल्या काकांना फसवायचं तर हे कराच.

---

उद्यमनगरी | सोमवार, सकाळी ९.००

सेल मध्यंतरात बदल. अर्धी बॅटरी दाखवत असली तरी बदल. अर्ध्या बॅटरीवर विश्वास ठिवणारा माणूस आन पंचगंगेच्या पुरात गाडी घालणारा माणूस, दोघं एकाच माळंचं मणी.

---

तिसरी_घंटा | रविवार, रात्री १.२०

धागा वर काढतोय. प्रयोग झाला. थकलोय पण झोप येत नाही.

पहिल्या अंकात पाऊस. पत्रा असा तडतडला की बलराम ओरडतोय हे फक्त दिसत होतं. गद्याला सगळे डीसीए ३ डीबी वर घेतले, लगेच शिट्टीची कुणकुण लागली, एक परत घेतला. दहा मिनिटांत पाऊस थांबला आणि मी विसरलो. पुढचा प्रवेश अर्धा झाल्यावर दिग्दर्शकांनी विंगेतून हात हलवला तेव्हा खाली घेतले.

डिले १९ मिलिसेकंद दिला होता. फरक पडतो. मी डोळे मिटून बघितलं, सुभद्रा डावीकडे गेली तरी आवाज खोक्याला चिकटलेला वाटला नाही.

आणि मग तिसऱ्या अंकात वन्समोअर! इथे कुणीच मला सावध केलं नव्हतं. पद संपलं, टाळ्या पडल्या, मी इमानदारीने पुढचा गद्याचा सीन घेतला, पान उलटलं. टाळ्या थांबेनात. मागून आरोळी आली 'वन्समोअर'. सुभद्रेने पायपेटीकडे बघितलं, काकांनी मान हलवली, आणि दुसऱ्यांदा उचललेली पहिली ओळ संपूर्ण गद्याच्या चॅनेलमधून गेली. कोरडी, टोचरी, डी-एसरसकट. मी मागचा सीन शोधेपर्यंत ध्रुपद निम्मं झालं होतं. आता ठरवलंय, पदानंतर गद्याचा सीन टाळ्या संपल्यावर नाही, पुढच्या नटाच्या पहिल्या शब्दावर. रिव्हर्बचा सेंड खाली असला की तोवर पदाचाच चॅनेल राहिला तरी काही बिघडत नाही.

---

काळी_चार | रविवार, सकाळी ८.१०

ती ओळ मला कोरडी लागली नाही रे, मी टाळ्यांत होते. मॉनिटरमध्ये मी मला ऐकू येत होते, तिसऱ्या अंकापर्यंत गळा होता. तानेच्या आधी तू खाली घेतोस ते कळतं मला. कोणीतरी मान मागे घेतल्यासारखं.

---

बाल्कनी_दीड_रुपया | रविवार, सकाळी ११.३०

वन्समोअर मीच ओरडलो होतो.

शेवटून तिसऱ्या रांगेत होतो. पहिला अर्धा तास माइक शोधत बसलो, मग नाटक बघायला लागलो. नारदाचे 'स' अजून शिट्टी मारतात. फेक शिकवा त्याला.

---

पायपेटी | रविवार, सायंकाळी ६.००

पुढचा प्रयोग ठरतोय, बुधवारी तालमीला ये. आणि ते पायटीचं कुरकुरणं माइकमध्ये येतं म्हणाला होतास, मला लाज वाटली. आज पेटी उघडून साफ केलीये, उद्या तेल घालून ठेवतो.

---

तिसरी_घंटा | रविवार, सायंकाळी ६.०४

काका, हात जोडतो, तेल घालू नका!